बनी तो बनी

भिशी माझ्या नावाने निघाली, अठरा हजार.
लॅबमधल्या बायकांना वाटलं, वैजयंता फ्रिज घेणार.
मी काही बोलले नाही.
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवता चिकटवता
मनात ग्राफिक्स कार्डाचे भाव लावत राहिले.

घरचं मशीन बंद पडलेल्या एका क्लासच्या लिलावातलं.
उन्हाळ्यात त्याच्या एका बाजूचा पत्रा काढून ठेवते,
समोर टेबलफॅन.
रात्री अकराला, पोरगी झोपली की
मी एका बर्फाच्या डोंगरावर जाते.
सेकंदाला बावीस चित्रं.
लांडगा आधी चावतो,
मग माझी तलवार उठते.
वेग हवा म्हणून एकेक गोष्ट बंद करत गेले,
गवत, धुकं, पाण्यातलं प्रतिबिंब,
आणि सगळ्यात शेवटी सावल्या.
परभणीत, मे महिन्यात,
सावल्या बंद.

मुजम्मिलचं दुकान स्टेशन रोडला, जिन्याखाली.
मी कागद पुढे केला. त्यावर एकच ओळ:
मोठं कार्ड, साडेचौदा हजार.
त्यानं कागद पाहिलाच नाही.
मशीनमधला पॉवर सप्लाय काढून
तळहातावर तोलला, वांगं तोलावं तसा.
"ताई, लई हलका आहे. आत काहीच नाही याच्या.
लाईट कमीजास्त झाली की हा जाणार,
आणि एकटा नाही जाणार."

म्हणजे पहिले एकोणचाळीसशे
अशा डब्याला, जो पडद्यावर कधीच दिसणार नाही.
मला राग आला. खरंच आला.
वर्षभर महिन्याला दीड हजार बाजूला टाकायचे
ते काय डब्यासाठी?

"आन् मोठं कार्ड घेऊन करता काय?
प्रोसेसर जुना तुमचा.
वर दोन हजार लिटरची टाकी
आणि खाली अर्ध्या इंचाचा नळ."
आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गल्लीतल्या बाईला
याच्यापुढे समजवावं लागत नाही.

मग बसलो. कॅल्क्युलेटर त्याचा,
कोऱ्या बाजूचे रिपोर्टचे कागद माझे.
एका कागदावर कुणाचं तरी हिमोग्लोबिन आठ,
मागे माझी रॅम अकराशे.
त्याच सॉकेटचा जुनाच पण तगडा प्रोसेसर बत्तीसशे,
मेमरीची चपटी डबी सव्वीसशे,
कार्ड सात हजारांचं, वापरलेलं.
"कुठं वापरलेलं?"
"पुण्याच्या गोदामात नाणी खणत होतं दोन वर्षं."
मी ते उलटंपालटं केलं,
बॅटरीच्या उजेडात पितळी दात तपासले,
पंखा बोटाने फिरवून कानाशी धरला.
रिपोर्टशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही.
त्यानं अर्धा तास चालवून दाखवलं,
तेवढ्यात दोनदा लाईट गेली.

प्रोसेसरवर लावायची पेस्ट सिरिंजमध्ये येते,
हे मला माहीत नव्हतं.
मुजम्मिलने ती माझ्याकडेच दिली.
"हे काम तुमचं."
दिवसाला साठ शिरा शोधणारा हात.
मटारच्या दाण्याएवढा थेंब,
एक कण इकडे नाही, तिकडे नाही.
तो म्हणाला, दुकानात कामाला येता का.

झाकण लावलं नाही. बटणावर बोट ठेवून
तो म्हणाला, "बनी तो बनी..."
पुढचं मी म्हटलं नाही.
पुढचं गाव आमचंच होतं.

पंखे फिरले.
पन्नास रुपये उरले.
समोरच्या रसवंतीत दोघांनी रस घेतला, बर्फ जास्त टाकून.

रात्री अकरा. बाहेर भिंती अजून तापलेल्या,
कूलरमधलं पाणी संपत आलेलं.
डोंगरावर सेकंदाला पन्नास चित्रं.
गवत अजून बंदच, धुकंही.
ते पुढच्या भिशीला बघू.
मी फक्त एका ओळीवर गेले,
सावल्या: बंद. कमी. मध्यम.
मध्यमवर थांबले.

बर्फात एक उंच झाड होतं.
रोज त्याच्या शेजारून पळत जात होते मी.
आज त्याच्या बुडाशी निळसर काहीतरी पसरलेलं,
फांदी हलली की हलणारं.
मी तलवार खाली केली आणि त्यात जाऊन उभी राहिले.

लांडगा आला.
म्हटलं, थांब की रे जरा.